विजेचं बिडे सीट घेण्याआधी टाकीची उंची मोजा

दुकानात विजेचं बिडे सीट बघायला गेलात की सुरुवात गरम सीट, रात्रीचा दिवा आणि आपोआप उघडणाऱ्या झाकणापासून होते. कोकणातल्या घरात हे सीट टिकणार की दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडणार, ते मात्र तीन गोष्टींवर ठरतं: टाकी किती उंच आहे, पाणी कुठलं आहे आणि अर्थिंग खरोखर आहे का. या तिन्ही गोष्टी नीट असतील तर मधल्या किमतीचं साधं सीटही वर्षानुवर्षं चालतं. नसतील तर सगळ्यात महागडं सीटही टिकत नाही.

सीट म्हणजे काय, ते थोडक्यात. असलेल्या कमोडचं प्लास्टिकचं सीट काढून त्या जागी हे बसतं. मागच्या डब्यात पाण्याचा व्हॉल्व्ह, हीटर आणि पुढे-मागे सरकणारी नळी असते. बटण दाबलं की नळी बाहेर येते, कोमट पाण्याने धुते आणि परत आत जाते. जपानमध्ये टोटो कंपनीने १९८० मध्ये 'वॉशलेट' बाजारात आणलं आणि तिथून ही पद्धत पसरली. जेट स्प्रेची सवय असलेल्या घरात याची गरज काय, असं वाटू शकतं. पण संधिवाताने बोटं वळत नाहीत, खांदा उचलत नाही, पक्षाघाताने एक बाजू गेली आहे किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन झालं आहे, अशा माणसाला कोणाला हाक न मारता स्वतःचं स्वतः स्वच्छ होता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मुलं मुंबईला आणि गावच्या घरात दोघंच म्हातारे, अशी घरं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत. हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर तीच घरं आहेत.

पाण्याचा फोर्स

बहुतेक सीटना चालायला निदान ०.०५ मेगापास्कल, म्हणजे अर्धा बार दाब लागतो. हा आकडा माहितीपुस्तिकेत असतोच, विकत घेण्याआधी तो बघा. दाबाचा हिशोब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकीच्या तळापासून कमोडच्या मागच्या अँगल कॉकपर्यंतची उभी उंची मोजायची. बैठ्या घराचा स्लॅब ३ मीटरवर, त्यावर १ मीटरच्या स्टँडवर टाकी, आणि कॉक जमिनीपासून अर्धा मीटर वर. उरले साडेतीन मीटर, म्हणजे ०.३५ बार. कमी पडतं. कौलारू घरात माळ्यावर टाकी असेल तर याहूनही कमी. अशा घरात सीट लावलं की धार कशीबशी येते, आणि तक्रार मात्र सीटची होते. एक मजली घराच्या खालच्या मजल्यावर, टाकी जिन्याच्या टोपीवर असेल तर प्रश्न येत नाही.

इथे प्लंबर हमखास सुचवतो की पाइप एक इंची करूया. त्याचा उपयोग होत नाही. सीटला मिनिटाला अर्धा ते एक लिटरच पाणी लागतं. एवढ्याशा प्रवाहाला अर्ध्या इंचाचा पाइपही मुबलक आहे. कमी पडते ती उंची, आणि ती पाइप जाड करून वाढत नाही.

मग प्रेशर पंप. इथेही एक खाच आहे, आणि तिच्यात बरीच माणसं अडकतात. स्वस्त छोटे पंप फ्लो स्विचवर चालतात: पाइपातून पुरेसं पाणी वाहायला लागलं की पंप सुरू होतो. त्याला साधारण मिनिटाला दीड-दोन लिटर प्रवाह लागतो. शॉवर उघडला की तो लगेच गुरगुरतो, पण सीटच्या अर्ध्या लिटरच्या धारेची त्याला चाहूलच लागत नाही. पंप असूनही फोर्स नाही, असं होतं ते यामुळे. म्हणून प्रेशर स्विचवर चालणारा, छोटी प्रेशर टाकी जोडलेला पंप घ्या. तो दाब उतरला की सुरू होतो, प्रवाह कितीही बारीक असो. दाब दीड ते अडीच बारला लावला की पुरे. ज्यांना पंपाची कटकट नको त्यांनी आत स्वतःचा पंप असलेलं मॉडेल शोधावं. कमी दाबाच्या घरांसाठी अशी सीटं मिळतात.

पाणी कुठलं

सीटच्या आत सगळ्यात नाजूक भाग पाण्याचा व्हॉल्व्ह. वाळूचा एक कण त्याच्या रबरात बसला की नळी ठिबकायला लागते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, जांभ्याची तांबडी माती टाकीच्या तळाशी साचते, आणि टाकीतलं पाणी तळाला आलं की तीच माती पाइपात उतरते. सीटच्या पाण्याच्या तोंडाशी एक जाळी असते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. जुलैअखेर ती काढून पाहिली तर तिच्यावर गेरूसारखा लालसर, चिकट थर बसलेला दिसतो, चिमटीत धरला तर तेलकट लागतो. म्हणून सीटच्या आधी १० इंची फिल्टर हाउसिंग आणि त्यात ५ मायक्रॉनची पीपी कँडल (गाळ अडवणारी प्लास्टिकच्या धाग्यांची नळकांडी) बसवा. उन्हाळ्यात ती तीन-चार महिने जाते, पावसाळ्यात महिन्याभरात लाल होऊ शकते. हाउसिंग पारदर्शक घेतलं की उघडून बघावं लागत नाही.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते उपसताना स्वच्छ दिसतं. रात्री पांढऱ्या बादलीत भरून ठेवा. सकाळी तळाशी तांबूस साका किंवा वर तवंग दिसला तर पाण्यात लोह आहे. विरघळलेलं लोह पीपी कँडल अडवत नाही. ते आत जाऊन हीटरवर आणि नळीच्या भोकांत बसतं. त्यासाठी लोह काढणारा वेगळा फिल्टर लागतो, किंवा सीटसाठी वेगळं पाणी.

समुद्राजवळच्या विहिरींचं दुखणं निराळं. एप्रिल-मे मध्ये हर्णे, गुहागर, मालवण, वेंगुर्ले पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. मीठ कुठल्याच कँडलने निघत नाही, आणि क्लोराइड हीटरचं आवरण व धातूचे भाग खातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पाणी तपासून घेतलं आणि आकडा त्याच्या बराच वर असेल, किंवा नुसत्या चवीला मे महिन्यात मचूळ लागत असेल, तर ते पाणी सीटला देऊ नका. यावर उपाय महाग नाही. दिवसाला चार माणसं दोनदा, दर वेळी नळी धुण्यासकट साधारण एक लिटर, म्हणजे आठ लिटर. १०० लिटरची छोटी टाकी वेगळी ठेवून ती ग्रामपंचायतीच्या नळाच्या गोड्या पाण्याने भरली तर बारा दिवस पुरते. फ्लश आणि आंघोळ विहिरीच्या पाण्यावर चालू दे. फक्त दाबाचा वरचा हिशोब या टाकीलाही लागू आहे.

लाइट आणि अर्थिंग

पाण्यात बसलेल्या उघड्या अंगाच्या माणसाखाली वीज आहे, हे विसरून चालणार नाही. या भागात तडजोड करू नका, एवढंच आग्रहाने सांगणं आहे.

लागेल त्या वेळीच पाणी गरम करणारी इन्स्टंट सीटं १२०० ते १६०० वॅटची असतात, छोट्या टाकीत पाणी गरम ठेवणारी स्टोरेज सीटं बहुधा ३०० ते ६०० वॅटची. दोन्हींसाठी बोर्डापासून २.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. संडास मागीलदारी, घरापासून सुटा असेल तर वायर पाइपातून न्या, अर्थची वायर सोबत हवीच. सीटची वायर जेमतेम मीटरभर असते, तेव्हा सॉकेट कमोडशेजारी लागतो. एक्स्टेंशन बोर्ड बाथरूममध्ये अजिबात नको. सॉकेट शॉवरच्या विरुद्ध बाजूला, झाकणवाल्या वॉटरप्रूफ डब्यात. वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटात शिरत नाही.

जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये तो कोरडाठक पडतो. पावसाळ्यात घेतलेलं माप मे महिन्यात खरं राहत नाही. वायरमनकडून अर्थ टेस्टरने उन्हाळ्यात मोजून घ्या. ५ ओहमच्या खाली आलं तर उत्तम. काही ठिकाणी अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. असं असेल तर आधी ते तोडा. न्यूट्रल कुठे तुटला तर सीटपर्यंत थेट फेज येतो.

याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सक्तीचा समजा. अर्थिंग थोडं कमकुवत असलं तरी गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर गेला की तो वीज तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

मे महिन्याच्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा प्लग काढून ठेवा. गेलेला लाइट परत येताना व्होल्टेज उसळतं. लाइट गेला की सीटचं एमसीबी पाडायचं आणि आल्यावर पाच-दहा मिनिटांनी चढवायचं, ही सवय सर्किट बोर्ड वाचवते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. म्हणून भिंतीवरचा जेट स्प्रे काढू नका, सीट लावल्यावरही तो हवाच.

बोटीवर नोकरी करणारी आपली माणसं जपानहून सीट घेऊन येतात. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. ते सीट इथे लावलं की जळतं. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं, तेही चालत नाही. लेबलवर २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तरच घ्या.

इन्स्टंट की स्टोरेज

थंड प्रदेशात इन्स्टंटची भलामण होते कारण तिथे नळाला बर्फासारखं पाणी येतं. आपल्याकडे टाकीतलं पाणी हिवाळ्यातही साधारण २५ अंशांच्या आसपास असतं. ते ३७ पर्यंत न्यायला, अर्धा लिटर प्रति मिनिट प्रवाहाला, जेमतेम ४०० वॅट पुरतात. मे महिन्यातल्या दुपारी स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की हीटर पूर्ण बंद ठेवावा लागतो. सीट पाणी गरम करू शकतं, गार करू शकत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. त्या दिवसांत आधी हातावर पाणी घेऊन बघायला हवं.

तरीही आमचं मत इन्स्टंटकडे झुकतं, कारण वेगळं आहे. स्टोरेज सीटच्या टाकीत कोमट पाणी दिवसभर साचून राहतं आणि खारट, लोहयुक्त पाण्याने हीटर सतत भिजलेला असतो. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर सीट चालवायचं असेल तरच स्टोरेज घ्यावं, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. सीट गरम करण्याची सोय कोकणात वर्षातले अकरा महिने बंद ठेवा. चालू राहिली तर सरासरी ३० वॅट धरले तरी महिन्याला २० युनिट उगाच जातात. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला तर कमी गरम सीटवर बराच वेळ बसूनही भाजू शकतं, आणि कळत नाही.

रिमोट की बाजूचं पॅनल? म्हाताऱ्यांसाठी सीटला जोडलेलं पॅनल, तेही दाबाच्या गोल खटक्याचं. रिमोट ओल्या हातातून पडतो, पावसाळ्यात त्याच्या सेलना हिरवा गंज चढतो आणि बारीक इंग्रजी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत. काहीही घेतलं तरी 'धुणे' आणि 'बंद' या दोन बटणांवर नेलपॉलिशने लाल-हिरवे ठिपके द्या.

माप घेणं आणि बसवणं

जुनं सीट काढून कमोडवर वर्तमानपत्र पसरा, कडेने पेन्सिल फिरवा, दोन्ही भोकं टोचा आणि तो कागद दुकानात न्या. तीन मापं लागतात: दोन भोकांमधलं अंतर (बहुधा १४ ते १६ सेंमी), भोकांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी (गोल कमोडला सुमारे ४२, लांबट कमोडला ४७), आणि भोकांपासून मागच्या फ्लश टाकीपर्यंतची मोकळी जागा. वन-पीस कमोडमध्ये ही मागची जागा वळत वर जाते, तिथे सीटचा डबा बसत नाही. पॅनलसाठी उजवीकडे भिंतीपासून मोकळी जागाही बघा. भारतीय भांड्यावर हे सीट बसत नाही, आधी कमोड लागेल.

पाणी घ्यायची सोपी जागा म्हणजे जेट स्प्रेचा अँगल कॉक. तो काढून टू-वे अँगल कॉक लावला की एका तोंडाला जेट, दुसऱ्याला सीट. फ्लश टाकी भिंतीत असेल तर हाच मार्ग. कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे घड्याळाच्या दिशेने द्या. सीटच्या होजला मात्र रबरी वायसर असतो, तिथे टेप लावायची नाही आणि पान्याने जोरात आवळायचं नाही, हाताने घट्ट करून पाव फेरा पुरे. जास्त आवळलं की प्लास्टिकचा नट चिरतो, आणि तो लगेच नाही तर आठवड्याने गळतो.

आता सीट. पट्टी बोल्टने कमोडवर बसवा, सीट मागे सरकवा, 'टक' असा आवाज आला पाहिजे. बोल्ट लोखंडी असतील तर बदला, खाऱ्या हवेत ते वर्षभरात कमोडला चिकटून बसतात. प्लास्टिकचे किंवा ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. यानंतरचा क्रम महत्त्वाचा: आधी कॉक हळू उघडायचा, सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवून गळती बघायची, आणि मगच प्लग लावायचा. स्टोरेज सीटमध्ये पाणी भरण्याआधी लाइट दिला तर हीटर कोरडा तापतो. सेन्सर माणूस बसल्याशिवाय पाणी सोडत नाही, त्यामुळे तपासताना सीटवर हात दाबून ठेवा आणि नळीसमोर दुसऱ्या हाताने प्लास्टिकची पिशवी धरा.

रोजचा वापर आणि निगा

पहिले काही दिवस दाब सगळ्यात कमी ठेवा, मिनिटभर धुणं पुरे. मूळव्याध, भगेंद्र किंवा ताजं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून. शौच होत नाही म्हणून धारेने जोर लावायची सवय लागू देऊ नका. वाळवायचा वारा हळू असतो, दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर कोणी बसत नाही, तेव्हा एक मऊ पंचा जवळ ठेवलेला बरा. कमोडवर पाय ठेवून उकिडवं बसायची सवय असेल तर ती आधी सोडवावी लागेल, त्याने सीटचे बिजागर मोडतात.

सगळ्यात मोठा बदल धुण्याच्या पद्धतीत. पाइप लावून संडास धुणं बंद. सीटवर पाण्याचे शिंतोडे चालतात, धार नाही. साध्या सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. नळी बाहेर काढायचं बटण असतं, पंधरा दिवसांनी जुन्या मऊ ब्रशने तिची भोकं घासा. भांड्यात ॲसिडचं क्लीनर टाकलं तर तीन मिनिटांत फ्लश करा आणि झाकण उघडं ठेवा. झाकण लावलं की वाफ आत कोंडते आणि सर्किट खाते. मुंग्या आणि पाली ऊब शोधत मागच्या डब्यात शिरतात, पावसाळ्यात तर फार. कीटकनाशकाचा फवारा सीटवर मारू नका, प्लास्टिक चिरतं. खालच्या फरशीवर मुंग्यांचा खडू ओढा आणि रात्री बाथरूमचा दिवा बंद ठेवा, पाली दिव्याच्या किड्यांमागे येतात. प्लगच्या पिना महिन्याने बघा. हिरवट किंवा काळ्या दिसल्या तर लाइट बंद करून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा.

बिघाडांपैकी निम्मे खरे बिघाड नसतात. फोर्स हळूहळू कमी झाला तर जाळी आणि कँडल. स्टोरेज सीटचं पाणी अर्ध्या-पाऊण मिनिटात गार होणं म्हणजे आतली टाकी संपली. तापताना त्यातून दोन-चार थेंब गळणंही नेहमीचं, पाणी तापून फुगतं. माणूस बसूनही चालू होत नसेल तर सीटवरचं कापडी कव्हर काढा. उलट, सीट ओलं असेल तर काही सेन्सर माणूस बसलाय असं समजतात, म्हणून आधी पुसायचं. पण नळी सतत ठिबकत राहिली तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे, आणि आरसीसीबी पडत असेल तर प्लग काढून बघा. काढल्यावर टिकला तर दोष सीटमध्ये आहे. अशा वेळी 'आरसीसीबीच खराब आहे' म्हणून तो काढून टाकणाऱ्या वायरमनला घरात ठेवू नका, सीट दुरुस्तीला द्या.

घर बंद करून जाताना

गणपती झाले, घराला कुलूप, आता शिमग्याला. मधले पाच-सहा महिने सीटमध्ये पाणी साचून राहू देऊ नका. प्लग काढण्याआधी अँगल कॉक बंद करा आणि सीटवर हात दाबून 'धुणे' चालू करा, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग प्लग काढा. स्टोरेज सीटच्या खाली किंवा बाजूला पाणी सोडायचं बूच असतं, ते उघडून टाकी रिकामी करा. होज सोडून झटका, फिल्टरची कँडल फेकून द्या, सीट कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकण थोडं उघडं ठेवा, बंद झाकणाखाली बुरशी धरते. रिमोटचे सेल काढा. भांड्यातलं पाणी आटून दुर्गंधी येऊ नये म्हणून त्यात चार चमचे खोबरेल तेल सोडायची जुनी युक्ती इथेही चालते.

परत आल्यावर आधी टाकी धुवा, नवी कँडल घाला, होज जोडण्याआधी कॉकमधून बादलीभर पाणी जाऊ द्या, पहिलं पाणी हमखास लाल येतं. मग होज जोडा, गळती बघा, प्लग लावा आणि कोणी बसण्याआधी नळीतून दोन मिनिटं पाणी सोडून द्या.